पंडिता रमाबाईंचे परमुलखातले बिऱ्हाड

मुंबई-गोवा रस्त्याने पेण ओलांडले, वडखळ मागे टाकले आणि नागोठण्याच्या दिशेने निघाले की वाटेत गडब गाव लागते. या गावाला, किंवा अशाच एखाद्या खेड्याला, नवा गुरुजी बदलून येतो. हातात वळकटी, खांद्याला पिशवी. एस. टी. तून उतरल्यावर तो पहिल्यांदा विचारतो, "शाळा कुठेशी आहे हो?" आणि दुसरा प्रश्न लगेच येतो, "आणि राहण्याची सोय कुठे होईल?" नोकरी सरकारने दिलेली असते, तिचा कागद खिशात असतो. बिऱ्हाडाचा कागद मात्र कुणी दिलेला नसतो. ते गावाच्या मर्जीवर.

मग गावातला एखादा जाणता गृहस्थ पुढे होतो. "गुरुजी, आमची पडवी रिकामीच आहे. भाडं कसलं घ्यायचं तुमच्याकडून? संध्याकाळी पोरांना दोन अक्षरं सांगा, झालं." गुरुजींना हायसे वाटते. चार महिने बरे जातात. एके दिवशी गुरुजी वाडीवरची दोन पोरे शिकवणीला आणून बसवतात. मालक काही रागावत नाही. हळूच म्हणतो, "गुरुजी, पोरं शाळेत शिकवा की. आमच्या पडवीत कशाला?" आणि गुरुजींच्या ध्यानात येते की भाडे नव्हते असे नाही. भाडे होते, फक्त ते पैशांत नव्हते.

असे प्रसंग पूर्वी पुष्कळ गावांत घडले. आपल्यापैकी काही वडीलधाऱ्या शिक्षकांना ते आठवतही असतील. पण आज मी सांगणार आहे ती हकीकत याच प्रश्नाची असूनही फार दूरची आहे. ती आहे १८८३ सालची. एक मराठी बोलणारी विधवा बाई, वय पंचवीस, कडेवर दोन वर्षांची मुलगी, इंग्रजी जेमतेम, अशी समुद्र ओलांडून इंग्लंडात गेली. शिकायला गेली आणि शिकवून राहिली. तिचे नाव पंडिता रमाबाई. रमाबाईंविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, पण बहुतेक बोलणे त्यांच्या धर्मांतराविषयी झाले. परक्या देशात त्यांना छप्पर कसे मिळाले, काम कसे मिळाले आणि त्याची किंमत त्यांनी काय दिली, हा भाग आपल्या शिक्षकवर्गाने मुद्दाम पाहावा असा आहे.

आधी एक उलटे उदाहरण पाहू, म्हणजे रमाबाईंची अडचण नीट कळेल. त्यांच्या आधी साठ वर्षांपासून परदेशी शिक्षक आपल्याकडे येत होते. १८२७ साली सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई मुंबईस यायला निघाली. अमेरिकेतून परदेशी धाडलेल्या अगदी पहिल्या अविवाहित शिक्षिकांपैकी ती एक. मुंबईत तिने मुलींच्या शाळा पाहिल्या, पुढे १८३९ पासून अहमदनगरला काम केले आणि १८६२ साली तिथेच तिने देह ठेवला. जोतीराव फुल्यांनी नगरची तिची शाळा पाहिली होती, आणि मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा त्यांनी तिथून घेतली. फरारबाईंना कष्ट पडले नाहीत असे नव्हे. हवा वेगळी, भाषा वेगळी, मुली शाळेत पाठवायला आईबाप नाखूष. तरीपण त्या आल्या तेव्हा त्यांच्यामागे एक मोठी संस्था होती. राहायचे कुठे, जेवायचे काय आणि महिन्याचे खर्चाला कोण देणार, हे बोटीवर चढण्याआधी ठरलेले होते. रमाबाई निघाल्या तेव्हा त्यांच्यामागे यातले काहीच नव्हते.

रमाबाईंना घर नसण्याची सवय मात्र लहानपणापासून होती. त्यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचे, हा त्यांचा हट्ट. लोकांचा विरोध झाला तेव्हा ते रानात जाऊन राहिले, आणि तिथे आश्रमात विद्यार्थी ठेवून शिकवू लागले. पत्नी लक्ष्मीबाई याही शिकल्या आणि शिकवू लागल्या. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईनेच, आणि तेही बऱ्याचदा चालता चालता, कारण पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडू लागले. आज या देवळाच्या ओवरीत, उद्या त्या धर्मशाळेत. पुढच्या मोठ्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास असे दोघेच पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केले. १८८१ साली मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला.

ते घर पुरती दोन वर्षेही टिकले नाही.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. आणि सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. ती साक्ष आजही वाचण्यासारखी आहे. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, एवढे बोलून त्या थांबल्या नाहीत. शिक्षिकांना पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त पगार असावा, आणि शिकायला येणाऱ्या स्त्रियांची राहण्याची सोय विद्यालयाच्या आवारातच असावी, असे त्यांनी सुचवले. बघा, शिक्षणाचा विचार करताना या बाईला पगार आणि बिऱ्हाड या दोन गोष्टी आधी दिसल्या. ज्याने छप्पर नसल्याचे दुःख भोगले आहे त्यालाच हे सुचते.

स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाल्या पाहिजेत, हेही त्या कमिशनपुढे बोलल्या होत्या. आपणच वैद्यक शिकावे, असे त्यांनी मनाशी घेतले. त्यासाठी इंग्लंडला जायचे. पण कुणाच्या जिवावर? पुण्यात वाँटेजच्या भगिनी नावाच्या ख्रिस्ती जोगिणींचा मठ १८७७ पासून होता. त्यांचे मूळ ठाणे इंग्लंडात बर्कशर परगण्यातल्या वाँटेज या लहान गावी. त्यांच्याशी रमाबाईंची ओळख झाली आणि ठराव असा झाला की रमाबाईंनी वाँटेजला मठात राहावे, हिंदुस्थानात कामाला निघणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे, आणि त्याच्या बदल्यात त्यांची राहण्याजेवणाची सोय आणि इंग्रजीचे शिक्षण व्हावे. बोटीचे भाडे मात्र त्यांनी कुणाकडून घेतले नाही. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचे पैसे त्यासाठी कामी आले.

हा व्यवहार आपण नीट समजून घेऊ. आपल्याकडे गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यात उपकार होता, देणाऱ्याला पुण्य होते, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागे. रमाबाईंनी वार लावले नाहीत. त्यांच्यापाशी भाषा होती, ती त्यांनी दिली आणि तिच्या मोबदल्यात खोली आणि भाकरी घेतली. हा देवघेवीचा सौदा होता. निदान त्यांच्या मनाने तरी तो सौदाच होता. समोरच्यांच्या मनात तो काय होता, हे पुढे दिसून आले.

१८८३ च्या एप्रिलात त्या मुंबईहून निघाल्या. बरोबर लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. मे महिन्यात इंग्लंडात पोचल्या. या प्रवासाची हकीकत त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना पत्ररूपाने लिहून पाठवली, ती त्याच साली 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने मराठीत छापली गेली. आपल्या माणसांना आपण कुठे आहोत, कसे आहोत, हे कळवत राहण्याची ही धडपड परदेशी गेलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

वाँटेजला बिऱ्हाड लागले. भगिनींनी त्यांना प्रेमाने वागवले, हे सांगितलेच पाहिजे. जेरल्डीन नावाच्या भगिनीकडे त्यांची देखभाल सोपवलेली होती. रमाबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही. थंड हवेच्या मुलखात, मांसमच्छीच्या स्वयंपाकघरात, एका माणसापुरती निराळी थाळी करायची, यात यजमानांनाही त्रास होताच. पण असले प्रश्न समजुतीने निभावतात. मोठी संकटे वेगळीच होती.

पहिले म्हणजे, वैद्यक शिकायचे ते राहिलेच. रमाबाईंना कमी ऐकू येत होते, आणि या दोषामुळे तो मार्ग बंद झाला. ज्या कामासाठी सातासमुद्रापार यायचे ते काम आल्याबरोबर हातचे जाते, तेव्हा माणसाचे काय होत असेल? रमाबाईंनी ठरवले की मग शिक्षिकाच व्हायचे. दुसरे संकट फार भयंकर. काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच विष घेऊन प्राण दिला. बरोबर आलेले एकुलते एक आपल्या भाषेचे माणूस गेले. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी, मनोरमेसह, ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ही बातमी महाराष्ट्रात आली तेव्हा वादळ उठले. काही म्हणाले, मठाचे अन्न खाल्ले, मठाचा धर्म घेतला. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार' लिहून रमाबाईंची बाजू घेतली. धर्म बदलणे बरे की वाईट, या वादात आपल्याला आज शिरायचे नाही. पण टीकाकारांचे ते म्हणणे कितपत खरे होते, हे तपासायला एक चांगले साधन आहे. रमाबाई, भगिनी जेरल्डीन आणि इतर मंडळी यांच्यातली पत्रे पुढे एकत्र केली गेली आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. ही पत्रे वाचली म्हणजे दिसते की या बाईने मठाचे अन्न खाल्ले खरे, पण आपले डोके काही त्याच्या बदल्यात दिले नाही. दीक्षा घेतल्यानंतरच्या वर्षांत तर त्या जास्तच प्रश्न विचारू लागल्या. हे तत्त्व मला पटत नाही, ते मला पटवून द्या, केवळ तुम्ही सांगता म्हणून मी मानणार नाही. आपल्या देशातल्या भटभिक्षुकांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता तसलेच दुसरे चढवून घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले.

१८८४ साली रमाबाई चेल्टनहॅम या शहरात गेल्या. तिथे मुलींचे मोठे नावाजलेले कॉलेज होते आणि डोरोथिया बील या बाई १८५८ पासून त्याच्या मुख्य होत्या. इथे रमाबाई एकाच वेळी विद्यार्थिनी आणि शिक्षिका झाल्या. स्वतः इंग्रजी, गणित, सृष्टिशास्त्र शिकायचे आणि संस्कृत शिकवायचे. मिस बील यांनी त्यांची योग्यता ओळखली. सौदा तोच, पण माणूस वेगळे. बीलबाई रमाबाईंशी वाद घालीत, पण तो दोन शिक्षकांमधला वाद असे.

आणि इथेच ती गोष्ट घडली जिच्यासाठी मी गडबच्या पडवीपासून सुरुवात केली. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही आपल्या देशाच्या भाषा शिकवाव्यात, असा विचार निघाला. काम सन्मानाचे, आणि स्वतःच्या पायावर उभे करणारे. पण मठाच्या बाजूने हरकत आली. हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांचे मत पडले की हे योग्य नव्हे. एका हिंदी बाईने पुरुषांना शिकवले तर परत गेल्यावर तिच्या देशातल्या बायकांमध्ये तिचे वजन राहणार नाही. काळजी रमाबाईंचीच, आणि बंदीही रमाबाईंवरच.

रमाबाईंचे उत्तर मोठे झोंबणारे आहे. त्यांनी लिहिले ते असे, की माझी आई तरुण विद्यार्थ्यांना शिकवीत होती, मीही शिकवले, त्याला ना माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली ना माझ्या नवऱ्याने. आणि आता हरकत घेताहेत ती इंग्रज माणसे, याचे नवल वाटते. म्हणजे ज्या समाजाला सगळे मागासलेला म्हणत होते, त्यातल्या एका रानातल्या शास्त्र्याने बायकोला जी मोकळीक दिली, ती सुधारलेल्या मुलखातले बडे अधिकारी द्यायला तयार नव्हते! कोणाला शिकवायचे हे मी ठरवीन, मला माझी विवेकबुद्धी आहे, असे त्यांनी ठणकावले. पण छप्पर, शिक्षणाचा खर्च आणि सल्ला हे तिन्ही एकाच बाजूकडून येत होते, आणि ते काम त्यांना मिळाले नाही.

मनोरमेचाही असाच प्रश्न होता. आई चेल्टनहॅमला, पोर बऱ्याचदा वाँटेजला भगिनींकडे. सांभाळणारे मायेने सांभाळीत. पण पोरीला प्रार्थना कोणती शिकवायची, तिचे मन कुणी घडवायचे, यावर आईची आणि सांभाळणाऱ्यांची पत्रांतून खणाखणी चाले. नोकरीसाठी मूल दुसऱ्याच्या घरी ठेवणाऱ्या शिक्षिका आजही आहेत. त्यांना हे जास्त सांगायला नको.

आता दुसरे एक बिऱ्हाड पाहू. गंमत अशी की ते याच १८८३ साली, रमाबाईंच्या पाठोपाठ अवघ्या काही आठवड्यांनी समुद्रापलीकडे लागले, आणि त्याचा धागा आपल्या जिल्ह्याशी जुळतो. मघाशी वडखळ म्हटले, तिथून एक फाटा अलिबागेकडे जातो. त्या अलिबागेत, आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई त्या काळी, गोपाळराव जोशी नावाचे पोस्टातले कारकून बदलून आले होते. बरोबर त्यांची लहान वयाची बायको, आनंदीबाई. गोपाळराव तिला हट्टाने शिकवीत. बदल्या होत गेल्या, कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, पुढे कलकत्ता, पण शिकणे थांबले नाही. आनंदीबाईंना अमेरिकेत शिकायला पाठवावे म्हणून गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते एका मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. एका दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना त्यांनी ते वाचले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले, पुढे पत्रांवर पत्रे झाली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या आणि थेट मावशीच्या घरी गेल्या. तिथे मराठी शिकवण्याची अट नव्हती, धर्म बदलण्याची अट नव्हती. आनंदीबाई साडी नेसत, शाकाहार पाळीत, आपल्या धर्मात राहिल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजात गेल्या. थंडी, दगदग आणि आजार यांनी त्यांचे शरीर पोखरले, आणि ११ मार्च १८८६ ला पदवी घेऊनही फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. चांगले घर मिळाले म्हणून सगळी संकटे टळत नाहीत. पण त्या घराने त्यांच्याकडून काही मागितले नाही, एवढे खरे.

त्या पदवीदान समारंभाला आनंदीबाईंनी आणि कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडले यांनी रमाबाईंना बोलावले. इंग्लंडातल्या मंडळींना हे जाणे फारसे पसंत नव्हते. रमाबाई गेल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि तीन वर्षांच्या आसपास राहिल्या.

अमेरिकेत रमाबाईंचा धंदा तोच, शिकवण्याचा. पण आता वर्ग मोठा होता. गावोगावी व्याख्याने देऊन त्या हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती समजावून सांगत. मोकळ्या वेळात फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती शिकत. १८८७ साली त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिले. चार वर्षांपूर्वी जिला धड इंग्रजी येत नव्हते, तिने इंग्रजी वाचणाऱ्यांना शिकवणारे पुस्तक लिहिले. हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि हिंदुस्थानात निघणाऱ्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे तिने पत्करले. आता मदत करणारे अनेक होते, निरनिराळ्या पंथांचे होते, आणि शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती असणार नाही, हे आधी बोलून ठरवलेले होते. वाँटेजला जे बोलून ठरवायचे राहिले, ते रमाबाईंनी बॉस्टनला आधी ठरवले. अनुभवाने माणूस शिकतो तो असा. त्या देशाचे त्यांनी केलेले वर्णन १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या नावाने मराठीत निघाले. शाळांत वाचून दाखवण्यासारखे ते पुस्तक आहे.

१८८९ च्या आरंभी त्या परत आल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले. शाळाही आणि घरही. हंटर कमिशनपुढे जे मागितले होते, राहण्याची सोय आवारातच, ते त्यांनी स्वतः करून दाखवले. पहिल्याच विद्यार्थिनींत कोकणातल्या देवरूखची एक बालविधवा होती, गोदूबाई. तिथे ती शिकली, मोठी झाली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. याच आपल्या बाया कर्वे. 'माझे पुराण' या त्यांच्या आत्मचरित्रात त्यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते.

इथे गोष्ट संपवली असती तर ती गोड झाली असती. पण इतिहास सांगायचा तर पुरा सांगितला पाहिजे. शारदा सदन १८९० साली पुण्यास नेले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. पुण्यात आरडाओरड झाली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कुणावर सक्ती केली नाही आणि माझे दार मी लावून घेणार नाही. पालकांचे म्हणणे असे, की जिच्या घरात पोर राहते आणि जिच्या हातचे खाते, तिचे दार नुसते उघडे असले तरी पोरीवर त्याचा भार पडतोच.

दहा वर्षांपूर्वी रमाबाई ज्या जागी उभ्या होत्या, तिथे आता या मुली होत्या. आणि वाँटेजच्या भगिनींच्या जागी होत्या स्वतः रमाबाई. माझ्या मते दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नव्हते. छप्पर देणाऱ्याला वाटते, मी तर काहीच मागितले नाही. छप्पर घेणाऱ्याला न मागितलेलेही ऐकू येते. रमाबाईंचे मोठेपण याने कमी होत नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार बायकामुलींना केडगावला आसरा दिला आणि १९२२ साली मरेपर्यंत ते घर चालवले. पण एवढ्या अनुभवी बाईलाही हा पेच पुरता सुटला नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

श्रोतेहो, आता पुन्हा गडबला येऊ. आजही नवा शिक्षक गावात येतो. एखादी मुलगी दूरच्या जिल्ह्यातून पहिल्यांदा नेमणूक घेऊन येते. आपल्याच गावचा मुलगा शिकून आखातात किंवा आणखी कुठे शिकवायला जातो. तिथेही प्रश्न तेच, शाळा कुठे आणि राहायचे कुठे. त्या मुलांना रमाबाईंच्या हकीकतीतून दोन गोष्टी सांगता येतील. एक, आपल्यापाशी जी विद्या आहे तिच्या मोबदल्यात घ्या, उपकार म्हणून घेऊ नका. आणि दुसरी, काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी तोंडाने बोलून घ्या. लाज वाटली तरी बोला.

आणि गावकऱ्यांनाही एक विनंती आहे. शिक्षकाला जागा द्या, जरूर द्या. वाजवी भाडे घ्या, ते घेण्यात कमीपणा नाही. पैशाचे भाडे महिन्याच्या महिन्याला फिटते आणि दोघेही मोकळे होतात. पण आपल्या पडवीच्या बदल्यात, कोणते पोर जवळ बसवायचे आणि कोणते लांब, हे गुरुजींना सांगू नका. अनंतशास्त्र्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी रानातल्या झोपडीत आपल्या बायकोला तसे सांगितले नाही. म्हणूनच त्यांची मुलगी पुढे साऱ्या जगाला शिकवू शकली.